बाळाचा श्वास मोजायला शिकू या

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी लागली की नेरडीगोंडा परिसरातील आपली घरे दिवसभर ओस पडतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागे जास्तीचे पैसे मागतात, आणि फुटलेला कापूस एखाद्या अवकाळी सरीने भिजला तर वर्षाची कमाई हातची जाते. म्हणून बापे, बाया, मोठी मुले, सारेच वावरात असतात. घरी राहतात ती आजी आणि पाळण्यातले बाळ. नेमक्या याच दिवसांत थंडी उतरते, आणि तेलंगणात सर्वांत कडक थंडी बहुधा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात पडते. रानात पाने झडू लागली की घरोघरी लेकरे खोकू लागतात. त्यातल्या बहुतेकांना साधी सर्दी असते आणि ती आपोआप बरी होते. काहींना मात्र छातीचा आजार गाठतो. कोणी त्याला डबा म्हणतो, कोणी पोट उडणे म्हणतो. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात.

हा आजार किती घातक आहे हे आकड्यावरून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने दगावली. त्या वयातील दर १०० मृत्यूंपैकी १४ मृत्यू एकट्या या आजाराचे होते. यातली बहुतेक मुले गरिबांची होती. आजाराला औषध नव्हते म्हणून ती गेली असे नव्हे. औषध स्वस्त आहे आणि पुष्कळ वर्षांपासून आहे. आजार ओळखायला उशीर होतो आणि लेकरू हातचे जाते.

उशीर का होतो? कारण आम्ही सारे खोकल्याकडे आणि तापाकडे पाहतो. खोकला तर साध्या सर्दीतही असतो. ताप कधी असतो, कधी नसतो. आजीबाई कपाळाला हात लावून म्हणते, “अंग काही तापलं नाही, उद्या पाहू.” वेचणीचे दिवस असल्यामुळे उद्याचा परवा होतो. खरी खूण कपाळावर नसते, ती बाळाच्या पोटावर आणि छातीवर दिसते, श्वासात दिसते.

शेतकऱ्याला हे पटायला अवघड जाऊ नये. बैल आजारी आहे हे आम्ही कशावरून ओळखतो? तो रवंथ करायचा थांबला, कुशी भराभर हलू लागल्या, की आपण डॉक्टरला बोलावतो. बैलाच्या कुशीकडे पाहणारा बाप पाळण्यातल्या लेकराच्या कुशीकडे मात्र पाहत नाही. ते बायकांचे काम, असे तो समजतो. हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

न्यूमोनियात आत काय होते ते थोडक्यात सांगतो. आपली फुप्फुसे लहान लहान हवेच्या पिशव्यांची बनलेली असतात. जंतूंमुळे त्या पिशव्यांत पाणी आणि पू भरतो. कोरडा कापूस हलका असतो, त्यातून वारा खेळतो. तोच भिजला की जड गोळा होतो. फुप्फुसाचेही तसेच होते. एका श्वासात जेवढी हवा मिळायला हवी तेवढी मिळत नाही, म्हणून बाळ भराभर श्वास घेऊन ती तूट भरून काढते. आजार वाढला की फुप्फुस इतके घट्ट होते की ते फुगत नाही. मग बाळ जोर लावून हवा ओढते तेव्हा त्याच्या कोवळ्या बरगड्यांखाली खळगा पडतो. लोक याला पोट उडणे म्हणतात ते उगीच नव्हे. आपल्या जुन्या माणसांनी खूण बरोबर ओळखली होती, उपाय मात्र चुकीचा धरला होता. त्या उपायाविषयी पुढे येईलच.

आता आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात काय घडले ते ऐका. १९९९ साली आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला. तोपर्यंत आपला जिल्हा चांदा धर्मप्रांतातच होता, त्यामुळे गडचिरोली आपल्या वडीलधाऱ्यांना परकी नाही. तेच सागाचे जंगल, तोच गोंड समाज, तसेच दूरदूरचे पाडे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या पतिपत्नींनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. १९८८ साली त्यांनी ५८ गावांत एक प्रयोग सुरू केला. गावातल्या साध्या आरोग्यसेवकांना आणि बाळंतपण करणाऱ्या दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्याचे औषध द्यायला शिकवले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीप्रमाणेच चालू दिले, म्हणजे तुलना करता यावी. या लोकांनी ६१२ आजारी बालकांना औषध दिले. त्यांतील शंभरामागे एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ टक्के दगावली. ज्या गावांत प्रयोग नव्हता तेथे न्यूमोनिया झालेल्या शंभरातील साडेतेरा बालके मेली. १९९० साली हे सारे ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

यात एक अडचण होती. दाया निरक्षर होत्या, त्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते, मिनिटाचे घड्याळ कळत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी एक सोपे साधन तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक तान्ह्या बाळासाठी आणि दुसरी थोड्या मोठ्या लेकरासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचले तर न्यूमोनिया. निरक्षर बाईनेही तो ओळखावा इतके हे सोपे होते.

हे वाचताना आमच्या मनात सरळ आपली जपमाळ आली. जपमाळेत पाच दशके असतात आणि प्रत्येक दशकात दहा लहान मणी. एका श्वासाला एक मणी सरकवला तर पाच दशके म्हणजे ५० श्वास झाले. डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादाही अशी आहे की ती माळेवर जशीच्या तशी बसते. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक असेल, म्हणजे पाचही दशके एका मिनिटात संपली, तर धोका समजावा. एक ते पाच वर्षांच्या लेकरासाठी मर्यादा ४०, म्हणजे चार दशके. दोन महिन्यांच्या आतील तान्ह्यासाठी ६०, म्हणजे पूर्ण माळ आणि वर आणखी एक दशक. दशकांमधला मोठा मणी मोजायचा नाही. माळ प्रार्थनेची आहे, तिने आजार मोजावा का, असे कोणी विचारील. जे लेकरू परमेश्वराने आपल्या हाती सोपवले त्याच्या रक्षणासाठी ती वापरली तर देवमातेला राग येईल असे आम्हाला वाटत नाही. ज्यांना मोजता येते त्यांनी सरळ मोजावे. ज्यांच्या आजीला मोजता येत नाही त्यांच्यासाठी ही युक्ती आहे.

श्वास मोजण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण चुकीच्या मोजणीने घबराट तरी होते, नाहीतर खोटा धीर तरी मिळतो. बाळ शांत असले पाहिजे. रडत असताना, दूध पीत असताना किंवा खेळत असताना मोजू नये. झोपलेले असेल तर उत्तम. आईच्या मांडीवर घेऊन अंगडे थोडे वर करावे, पोट आणि छाती दिसेल इतकेच, आणि थंडीत फार वेळ उघडे ठेवू नये. पोट एकदा वर आले आणि खाली गेले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थांबतो, मध्येच भराभर होतो. मिनिटासाठी आता प्रत्येक घरी मोबाईल आहे. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने श्वास. तान्ह्या बाळाचा आकडा ६० च्या वर आला तर एकदा पुन्हा मोजून खात्री करावी. कडक तापातही श्वास वाढतो हे खरे. तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे, पण ताप उतरण्याची वाट पाहत रात्र घालवू नये. आपल्या जंगलपट्टीत हिवतापही आहे, म्हणून ताप असला की रक्त तपासून घ्यावेच.

श्वास मर्यादेपेक्षा जास्त आला तर त्याच दिवशी आशाताईला दाखवावे किंवा मंडलाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. अमॉक्सिसिलिन नावाचे औषध तेथे मिळते. ते बाळाच्या वजनाप्रमाणे ठरते, म्हणून शेजारच्या लेकराची उरलेली बाटली आपल्या लेकराला पाजू नये. दोन दिवसांत बाळ हसू लागले म्हणून औषध थांबवणारी घरे पुष्कळ आहेत. जितके दिवस सांगितले तितके दिवस द्यावे. फवारणीत अर्धी मात्रा मारली तर कीड मरत नाही, उलट चिवट होते, हे आम्ही शेतकऱ्यांनी आपल्याच वावरात पाहिले आहे.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर मोजत बसायचेच नाही. शांत असतानाही बरगड्यांखाली खळगा पडतो आहे, बाळ कण्हल्यासारखा आवाज करते आहे, ओठ निळसर झाले आहेत, दूध ओढत नाही, पाजलेले सारे ओकून टाकते, झटके आले, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. यातली एकही खूण असली तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी आणि आदिलाबादच्या रिम्स इस्पितळात किंवा निर्मलला न्यावे. महामार्गावर असणे हे नेरडीगोंड्याचे नशीब आहे. आतल्या पाड्यांना ते नाही. कुंटाला धबधब्याच्या बाजूच्या वस्त्यांना गाडी गाठायलाच वेळ लागतो, निर्मलला जायचे तर पुढे महबूब घाट उतरायचा असतो. म्हणून पाड्यावरच्या माणसाने इतरांपेक्षा अर्धा दिवस आधी निघाले पाहिजे. संध्याकाळी शंका आली तर संध्याकाळीच निघावे. वाटेत बाळाला छातीशी धरून ऊब द्यावी आणि ओढत असेल तर दूध पाजत राहावे.

दवाखान्यात भाषेची अडचण होते असे पुष्कळ आया सांगतात. आपण घरात मराठी बोलतो, कोणाकडे गोंडी, कोणाकडे लंबाडी, आणि परिचारिका तेलुगू. काय होतंय हे नीट सांगता येत नाही, मग “खोकला आहे” एवढे सांगून खोकल्याचे औषध घेऊन माणूस परत येतो. येथे आकडा कामाला येतो. तेलुगूत श्वासाला ऊपिरि म्हणतात. “ऊपिरि, एका मिनिटात ५६,” एवढे बोटांनी दाखवले तरी जाणकार माणूस ताडकन उठेल. आकडा कागदावर लिहून नेला तर आणखी बरे.

तान्ह्या बाळाविषयी वेगळे सांगितले पाहिजे. दोन महिन्यांच्या आतले बाळ मोठ्या लेकरासारखे आजारी पडत नाही. त्याला ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडते. ते खोकत नाही, फक्त दूध ओढायचे कमी करते आणि मलूल होते. अशा बाळाचा श्वास वाढला तर घरी कोणतेही औषध न करता त्याच तासाला निघावे. गडचिरोलीत बंग दांपत्याने पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत तान्ह्या बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तिसऱ्या वर्षी पहिल्या महिन्यातील बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. आमच्याकडे काही घरांत सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत परक्या बाईला येऊ देत नाहीत. आशाताईला परकी समजू नये. ती आली की बाळ उघडून दाखवावे, वजन करू द्यावे, श्वास मोजू द्यावा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर आईने उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालावे. यासारखी ऊब कोणत्याही शेगडीने मिळत नाही.

आता तो जुना उपाय. पोट उडू लागले की पोटावर तापल्या विळ्याने किंवा सळईने डाग द्यायचा. मेळघाटात याला डंभा म्हणतात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्येसुद्धा तेथे २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर चटके दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. आपल्या भागात हे पूर्णपणे बंद झाले आहे असे म्हणायची आमची हिंमत होत नाही. डाग दिल्यावर बाळ किंचाळते, मग थकून गप्प होते, आणि घरच्यांना वाटते की उतार पडला. आतला जंतू तसाच राहतो, वरून भाजल्याची जखम, आणि त्या जखमेत पुन्हा जंतू. डाग देणाऱ्याला शिव्या देऊन काही होत नाही, कारण तो बहुधा घरातलाच कोणी असतो आणि प्रेमापोटीच करतो. त्याला दवाखान्यात सोबत घेऊन जावे, औषध पाजल्यावर काय होते ते पाहू द्यावे.

दुसरी चूक नव्या जमान्याची आहे. खोकला झाला की दुकानातून गोड औषधाची बाटली आणायची. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशा औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतील कित्येकांना नागपूरच्या इस्पितळांत आणले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष निघाले, त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ते सहसा टाळावे असे कळवले. विष नसले तरी या बाटलीने न्यूमोनिया बरा होत नाही, फक्त खोकला दबतो आणि आणखी दोन दिवस वाया जातात. वर्षाच्या पुढच्या लेकराला कोमट पाणी, तुळशीचा रस आणि थोडा मध पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, त्यातून वेगळाच घातक आजार होऊ शकतो. त्याला आईचे दूध हेच औषध, आणि सहा महिन्यांपर्यंत तेच अन्न.

धुराचा विषय आपल्या शेतीशी जोडलेला आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून घराशेजारी रचतो आणि उन्हाळाभर तीच चुलीत घालतो. फुकटचे जळण आहे, सोडवत नाही. पण पऱ्हाटीचा धूर डोळ्यांना झोंबतो तसा तो बाळाच्या छातीलाही झोंबतो, आणि धुरात वाढणाऱ्या लेकरांना न्यूमोनिया जास्त होतो हे सिद्ध झालेले आहे. गॅस घरात आहे पण सिलिंडर परवडत नाही ही अडचण आम्ही जाणतो. निदान एवढे तरी करावे: घरात पाच वर्षांखालचे लेकरू असेल तर चूल पडवीत न्यावी, पऱ्हाटी पूर्ण वाळल्याशिवाय जाळू नये, आणि पोर काखेला मारून भाकरी थापू नये. थंडीत आजी नातवाला घेऊन चुलीपुढे शेकत बसते, ते बंद करावे. बाळाला पांघरुणाने ऊब द्यावी, धुराने नव्हे. भाव वाढेल म्हणून कापूस महिनोन्महिने राहत्या घरात साठवतो, त्याच खोलीत पाळणाही टांगतो. पाळणा दुसरीकडे न्यावा, कापूस हलवता येत नसेल तरी. आणि बापाने घरात बिडी ओढू नये, हे त्याला घरच्या बाईने सांगण्यापेक्षा फादरांनी सांगितले तर बहुधा ऐकेल.

लसींचा खूप फायदा आहे. न्यूमोनियाच्या मुख्य जंतूवरची पीसीव्ही ही लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. पेंटाव्हॅलंट लसीतही या आजाराच्या दुसऱ्या एका जंतूवरचा भाग असतो. गोवर-रुबेलाची लस चुकवू नये, कारण गोवरानंतर न्यूमोनिया पाठ धरू शकतो. लस दिल्यावर रात्री अंग तापते म्हणून पुढची लस टाळणाऱ्या आया आम्हाला भेटतात. तो ताप एकदोन दिवसांचा असतो. ज्या घरात सिकलसेल आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो बऱ्याच घरांत आहे, तेथे छातीचा आजार फार जोराने वाढतो. अशा लेकराला ताप किंवा खोकला आला की श्वास न मोजता सरळ दवाखान्यात न्यावे आणि सिकलसेलचे कार्ड बरोबर ठेवावे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सांस’ नावाची मोहीम सुरू केली. ती दर वर्षी १२ नोव्हेंबरला, जागतिक न्यूमोनिया दिनी, सुरू होऊन फेब्रुवारीअखेर चालते, म्हणजे पहिल्या वेचणीपासून पऱ्हाटी उपटेपर्यंत. या दिवसांत अंगणवाडीत आशाताई श्वास मोजून दाखवतात. आयांबरोबर बापांनीही जावे. आपल्या धर्मग्रामात आगमनकाळाच्या एका रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मभगिनींकडून किंवा आशाताईकडून हे शिकून घेता येईल, अर्धा तास पुरतो. फादरांशी बोलून बायबल गटाच्या प्रमुखांनी तसे ठरवावे, आणि आज्यांना मुद्दाम बोलवावे, कारण वेचणीत बाळ त्यांच्याच हाती असते.

तोवर घरी सराव करावा. आज रात्री बाळ झोपले की माळ किंवा घड्याळ घेऊन एक मिनिट बसावे. निरोगी बाळाचा जो आकडा येईल तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावा, आणि त्याच कागदावर ६०, ५०, ४० हे तीन आकडे, आशाताईचा नंबर आणि १०८.